घासलेली जीभ

"मग माझं चुकलं काय?"

ल्यू मास्तर चहा ओतत होते. उत्तर द्यायची घाई त्यांना कधीच नसे. त्यांनी डाव्या हाताचं बोट कपाच्या कडेवरून आत धरलं. चहा बोटाला लागला तशी किटली सरळ केली आणि बोट चोखलं.

समोर बसलेल्या डॉ. श्रेणिक मगदूमनं ही कृती पूर्वीच आपल्या वहीत टिपून ठेवली होती : 'गुरू उष्णतेचा अनुभव घेतल्याशिवाय काहीही स्वीकारत नाहीत.'

वही जाड होती. तीन वर्षांत ती जवळजवळ भरत आली होती.

"मास्तर, मी विचारलं, चुकलं काय?"

"काही चुकलं नाही."

"मग आरसा?"

"उद्या ये."

हे 'उद्या ये' गेले दोन महिने चालू होतं.

मिरजेत डॉक्टर शोधावा लागत नाही, चुकवावा लागतो. एका गल्लीत हाडांचे, दुसरीत डोळ्यांचे, तिसरीत उरलेल्या सगळ्या अवयवांचे. त्यात ल्यू मास्तरांचा दवाखाना म्हणजे एक खोली, बाहेर एक बाक, आत दोन स्टुलं आणि खिळ्याला टांगलेला एक गोल आरसा. दारावर पाटीसुद्धा नव्हती. ज्यांना यायचं ते येत.

मास्तरांचे वडील चीनमधून कागदी फुलं विकत विकत इथवर आले, आणि फुलांना गिऱ्हाईक मिळेना म्हणून लोकांचे दात बसवू लागले. मुलगा मिरजेतच जन्मला, इथल्याच शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाला. 'मास्तर' ही पदवी तिथली. औषधाशी तिचा संबंध नाही. सुया टोचायची आणि जीभ पाहायची विद्या त्यांना चुलत्याकडून मिळाली. जिभेचं टोक म्हणजे काळीज, मध्य म्हणजे पोट, कडा म्हणजे यकृत, मूळ म्हणजे मूत्रपिंडं. शिवाय रंग, आकार, ओल आणि वरचा थर. एवढ्याशा जागेत इतकी खाती कुठल्या कचेरीतही सापडायची नाहीत.

श्रेणिक आयुर्वेदाचा पदवीधर होता. शिवाय चिनी वैद्यकाचा सहा महिन्यांचा कोर्स. शिवाय त्या कोर्सचं चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र.

येत्या महिन्यात मास्तर दवाखाना बंद करणार होते. खिळ्यावरचा आरसा ज्याच्या हातात देईन त्यानं पुढं चालवायचं, असं त्यांनीच एकदा बाकावरच्या लोकांसमोर म्हटलं होतं. श्रेणिकनं स्टेशन रोडला गाळा बघितला होता. पाटीही तयार होती. आज ती दाखवायला म्हणून तो कागदात गुंडाळून घेऊन आला होता, आणि ती भिंतीला टेकून उभी होती.

आरसा तेवढा बाकी होता.

"बघा तरी," तो म्हणाला आणि त्यानं कागद काढला.

मास्तरांनी पाटीवरून तळवा फिरवला. बोटानं टिचकी मारली.

"छान वाजते. पत्रा?"

"स्टील. गंजायचा प्रश्नच नाही."

"काय लिहिलंय?"

"वाचा की."

"तू वाच."

श्रेणिकनं घसा साफ केला. "डॉक्टर श्रेणिक मगदूम. जिव्हापरीक्षा तज्ज्ञ."

"अक्षरं कोरलेली?"

"रंगवलेली. लाल."

"हं..."

मास्तर चहा प्यायले. बराच वेळ.

"आजच्या पेशंटचं पुन्हा सांग," ते म्हणाले.

आज त्यांनी श्रेणिकला एका बाईला तपासायला लावलं होतं. मालन सुतार. किल्ल्याजवळ पिठाची गिरणी चालवते. सहा महिने पोट जड, अंग जड, जेवली की डोळे मिटतात.

श्रेणिक पाठ म्हटल्यासारखा म्हणाला, "जीभ फिकट, सुजलेली. कडांवर दातांचे ठसे. मुळाशी पांढरा, जाड थर. पचन दुबळं, शरीरात ओल साठलेली. थंड बंद, शिळं बंद, आंबट बंद. आलं सुरू. दर आठवड्याला सुया, तीन महिने. यातलं चूक काय?"

"काहीच नाही. मला इतकं नीट सांगता आलं नसतं."

श्रेणिकला बरं वाटलं. वही उघडावी असंही वाटलं.

"ती परत येईल?" मास्तरांनी विचारलं.

"येणारच. दर आठवड्याला बोलावलंय."

"किती वर्षं?"

"तीन महिने म्हटलं ना, मास्तर."

"आणि नंतर पुन्हा पोट जड झालं की?"

"मग पुन्हा येईल."

"हं... म्हणून म्हटलं, उद्या ये."

श्रेणिकला राग आला. पण गुरूसमोर राग धरायचा नसतो, हेही वहीत होतं.

"ती गेली का?" मास्तरांनी विचारलं.

"बाहेर बाकावर आहे. रिक्षाची वाट बघतेय."

"बोलाव."

मालनबाई आत आल्या. पदरावर पीठ, हातावर पीठ, भुवयांवरही पीठ.

"नाव सांग," मास्तर म्हणाले.

"अवो मास्तर, आत्ता तर हितनं गेले की! मालन. गिरणीवाली."

मास्तर प्रत्येकाला आधी नाव विचारत, रोज येणाऱ्यालाही. श्रेणिकच्या वहीत ते बाविसाव्या पानावर होतं : 'गुरू चेहऱ्यावरून माणूस धरून ठेवत नाहीत. ही खरी समदृष्टी.'

"मालन, डॉक्टरांनी काय सांगितलं तुला?"

"लई सांगितलं बघा."

"काय काय?"

"माझ्यात ओल हाय म्हणाले. भिंतीला धरती तशी." त्या थांबल्या. "आणि आलं."

"आणखी?"

"आणखी बी व्हतं. पण चांगलं व्हतं सगळं."

श्रेणिकनं खिडकीकडं बघितलं.

"तुझी जीभ कशी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"ते डॉक्टरांना ठाव."

"तोंड कुणाचं?"

"माझंच की."

"मग तू कधी बघितलीस?"

मालनबाईंना हसू आलं. "जीभ बघायची असती व्हय? ती गप बसत न्हाई म्हणून सासू वरडायची, तेवढंच काय ते."

मास्तरांनी मागं हात केला. चाचपून खिळ्यावरचा आरसा काढला आणि मालनबाईंच्या हातात दिला.

"उजेडाकडं तोंड कर. जीभ सैल सोड. ताणू नकोस."

मालनबाईंनी जीभ बाहेर काढली. आरशात बघितलं. आत घेतली. पुन्हा काढली.

"अगं बया!"

"काय दिसतं?"

"करंजीच हाय की ही! कडेला मुरड घातल्यागत."

श्रेणिक हसला. पुस्तकात याला 'दंतांकित' म्हणतात.

मास्तर हसले नाहीत. ते स्टुलावर पुढं सरकले. "मुरड कुठवर आहे? टोकापर्यंत?"

"न्हाई न्हाई. दोन्ही अंगानं. टोक साधंच हाय."

"आणि मागं?"

"मागं... पीठ सांडल्यागत."

"कसलं पीठ?"

मालनबाईंनी तोंड आणखी उघडून नीट बघितलं. आता त्यांच्या धंद्यातला प्रश्न होता.

"ज्वारीचं न्हवं. ज्वारीचं मळकट दिसतं. ह्ये तांदळाचं. बारीक, वल्लं, बसल्यालं."

"वा!" मास्तर म्हणाले.

तीन वर्षांत हा शब्द श्रेणिकनं पहिल्यांदाच ऐकला होता. तो त्याच्यासाठी नव्हता.

"जीभ घासून आलीस का आज?"

"डॉक्टरांनी दम दिलता, जीभ घासून याचं न्हाई, थर निघून जातो म्हणून. तशीच आले. एरवी रोज घासते बघा. तांब्याच्या पट्टीनं. कराकरा."

"हे पीठ किती दिवसांचं?"

"आता काय सांगू? रोज काढून टाकत व्हते. बघितलंच न्हाई कधी."

"कुंकू कुठल्या आरशात लावतेस?"

"गिरणीत टांगलाय एक."

"मग उद्यापासून आधी जीभ बघायची. मग घासायची. मग कुंकू. चार दिवस. आणि मला येऊन सांगायचं."

"आणि आलं?"

"आलं घे. आलं वाईट नसतं."

"आणि त्या सुया?"

"आधी बघ."

मालनबाई गेल्या. जाताना दाराशी थांबून त्यांनी एकदा स्वतःशीच जीभ बाहेर काढली, डोळे खाली वळवून ती दिसते का ते बघितलं. दिसली नाही.

श्रेणिक म्हणाला, "मास्तर, मी तीन वर्षं अभ्यास केला. ती चौथीपर्यंत शिकलीय. ती जिभेवरून काय सांगणार?"

"मलाही तेच बघायचंय," मास्तर म्हणाले.

शुक्रवारी मालनबाई आल्या त्या बोलतच आल्या.

"मालन, गिरणीवाली," मास्तरांनी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. "मास्तर, भिंतीवर लिवलंय समदं. डब्यांवर खडूनं नाव घालते न्हवं, तसंच. पीठ जाड आसंल तर दोन रेघा, पातळ आसंल तर एक."

"मग?"

"मंगळवारी दोन. बुधवारी दोन. आणि काल, बेस्तरवारी... एक."

"एकच?"

"एकच! मी दोनदा बघितलं. म्हटलं, ह्ये कसं काय? तर बुधवारी लाइट गेली व्हती. गिरणी सहालाच बंद. काय करायचं, म्हणून भाकरी केली आणि गरम गरम खाल्ली, बसून. एरवी नऊपर्यंत गिरणी चालती, मग सकाळचाच भात, वर दही, हुबं राहूनच. तर आज परत लाइट हाय, काल रात्री परत नऊ वाजले, परत भात-दही..."

"आणि आज?"

"दोन!" मालनबाईंनी दोन बोटं दाखवली. "मग मी काय म्हंते मास्तर, लाइट जायची वाट कशाला बघायची? गिरणी सातला बंद करायला काय धाड भरलीय?"

मास्तरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

श्रेणिक म्हणाला, "हेच मी सांगितलं होतं. थंड बंद, शिळं बंद, आंबट बंद."

"व्हय डॉक्टर," मालनबाई गोडीनं म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं तवा मला वाटलं, समद्यांनाच सांगत आसाल."

तो समद्यांनाच सांगत होता.

"आणि दुसरं सांगते," मालनबाई मास्तरांकडं वळल्या. "आता गिरणीत दळण घिऊन येणाऱ्या बायका समद्या बघत्यात. आरशापुढं रांग लागती. दळण झालं तरी डबा उचलत न्हाईत."

श्रेणिक उठून उभा राहिला.

"कोण बघतं? तुम्ही? लोकांच्या जिभा?"

"मी कशाला? ज्याची त्यो बघतो."

"हा खेळ नाही बाई! याला शिक्षण लागतं. उद्या कुणाला काही झालं तर?"

"आम्ही औषध देतो व्हय, डॉक्टर? नुस्तं बघतो. इंदूवैनी मिसरी लावती. तिच्या जिभेच्या कडेला फोड निघाला. म्हटलं, कधीचा? म्हणाली, महिना झाला, बरा हुईना. म्हटलं, मग आरशात काय बघतीस, उठ. तिला म्या स्वतः मोठ्या दवाखान्यात नेऊन सोडली काल. तिथलं डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात."

मास्तरांनी कप शोधला, पण त्यात चहा नव्हता.

मालनबाईंची नजर आता श्रेणिकवर होती. गिऱ्हाइकाचा डबा रिकामा आहे की भरलेला, हे उचलायच्या आधी ओळखणारी नजर.

"डॉक्टर, तुमची कशी असती वो?"

"काय?"

"जीभ. बगू की."

"माझी... साफ आहे."

"बगू तरी! मास्तर, आरसा द्या की ह्यास्नी."

श्रेणिकचा हात खिशाकडं गेला. खिशात काहीतरी खुळखुळलं. जळजळीवरच्या गोळ्या, दिवसाला दोन, कधी चार. त्या चिनी नव्हत्या आणि आयुर्वेदिकही नव्हत्या.

"मी रोज घासतो," तो म्हणाला. "स्वच्छता म्हणून."

"आमास्नी तर नको म्हणाला," मालनबाई म्हणाल्या.

"तुम्ही पेशंट आहात. मी पेशंट नाही."

मालनबाईंनी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी खिडकीकडं.

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "जाते. पुढच्या शुक्रवारी येऊ का?"

"कशाला?" मास्तरांनी विचारलं.

मालनबाईंनी जरा विचार केला.

"खरंच की," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

श्रेणिक वही आवरायला लागला. मास्तर हळूच म्हणाले,

"श्रेणिक."

"काय, मास्तर?"

"उद्या न घासता ये."

शनिवारी सकाळी श्रेणिकनं तांब्याची पट्टी तीनदा हातात घेतली. तीनदा ठेवली. आरशाकडं मात्र एकदाही बघितलं नाही.

तो साडेआठला आला. नेहमीच्या स्टुलावर बसला नाही. पेशंटच्या स्टुलावर बसला.

"नाव सांग," मास्तर म्हणाले.

"श्रेणिक."

"वही?"

"आणली नाही."

श्रेणिकनं डोळे मिटले, तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढली. तीन वर्षांत त्यानं हजारो जिभा बघितल्या होत्या. बाहेर काढलेली जीभ इतकी उघडी पडते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तो थांबला.

मास्तर काही म्हणेनात.

तो आणखी थांबला. जीभ सुकायला लागली. मग त्यानं एक डोळा उघडला.

मास्तरांनी खिळ्यावरचा आरसा काढला होता आणि तो हातभर अंतरावर समोर धरला होता. पण समोर म्हणजे श्रेणिकसमोर नव्हे. त्याच्या डाव्या खांद्यापलीकडं, जिथं कुणीच बसलं नव्हतं तिथं.

त्याला आधी वाटलं, यात काहीतरी खोल अर्थ आहे. वही आणायला हवी होती.

मग त्यानं मास्तरांच्या डोळ्यांत बघितलं. बहुधा पहिल्यांदाच नीट. बुबुळांवर दुधाची साय धरावी तसं पांढरं होतं.

कपात बुडवलेलं बोट त्याला आठवलं. रोज विचारलेलं नाव आठवलं. पाटीवरून फिरलेला तळवा आठवला.

त्यानं जीभ आत घेतली.

"मास्तर... तुम्हाला दिसत नाही?"

"उजेड दिसतो. खिडकी कुठं आहे ते कळतं. तू आलास तेव्हा ती अडवलीस, तेही कळलं."

"कधीपासून?"

"तू यायला लागलास तेव्हा थोडं दिसायचं. दुसऱ्या वर्षी तेही गेलं."

"मग एवढे पेशंट..."

"ते सांगतात की. करंजी, पीठ. मागं एक सुतार आला होता, म्हणाला, रंधा न मारलेल्या फळीसारखी आहे."

"लोकांना माहीत आहे?"

"सगळ्यांना. पोस्टमन तर पत्र वाचून दाखवतो."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तू विचारलं नाहीस. तू लिहीत होतास."

श्रेणिकला हसायला आलं. हसता हसता ते मधेच थांबलं.

"म्हणजे मी इतके दिवस, रोज सकाळी घासून... तुम्हाला कळू नये म्हणून..."

"हो."

"पण तुम्हाला दिसतच नाही, तर कळलं कसं?"

"या खोलीत आलेला प्रत्येक माणूस म्हणतो, मास्तर, माझी पण बघा की. पोस्टमनसुद्धा जीभ काढतो. तू एकदाही म्हणाला नाहीस." मास्तर थांबले. "आणि खिशात गोळ्या वाजतात तुझ्या. मला दिसत नाही. ऐकू येतं."

आरसा अजून तिथंच, रिकाम्या जागेसमोर धरलेला होता.

श्रेणिकनं स्टूल डावीकडं सरकवलं आणि त्या आरशासमोर जाऊन बसला.

त्यानं जीभ काढली. बघितली.

बराच वेळ बघितली.

"काय दिसतं?"

"मध्यभागी पीतवर्णी..." तो थांबला. "पिवळी आहे."

"कुठला पिवळा? हळदीचा?"

"नाही. दूध लागल्यावर पातेल्याच्या तळाला असतो ना... तसला. मधे तपकिरी."

"आणि?"

"मधून चीर गेलीय. उन्हाळ्यात रानाला पडते तशी."

"ओली की कोरडी?"

"कोरडी."

"कधीपासून?"

श्रेणिकनं तोंड मिटलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी रोज काढून टाकत होतो."

हे वाक्य त्यानं याच खोलीत कुणाकडून तरी ऐकलं होतं. चौथीपर्यंत शिकलेल्या कुणाकडून.

"जळजळ कधीपासून?"

"सव्वा वर्ष. आता जेवण खाली उतरत नाही कधी कधी."

"कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"का?"

श्रेणिकनं आरशाकडं न बघता उत्तर दिलं. "वडिलांना पोटाचाच कॅन्सर होता. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता."

"म्हणून तू बघितलं नाहीस."

"हो."

"उशीर होऊ नये म्हणून?"

बाहेर बाकावर कुणीतरी येऊन बसल्याचा आवाज झाला.

"मास्तर... तेच असेल का?"

ल्यू मास्तरांनी आरसा मांडीवर घेतला. त्यांचा आवाज आता थट्टेचा नव्हता.

"जीभ कुठलं दार वाजवायचं तेवढं सांगते. आत कोण बसलंय ते सांगत नाही. हे मला माहीत नाही, तुला माहीत नाही, माझ्या चुलत्यालाही माहीत नव्हतं. इथून उठ आणि मोठ्या दवाखान्यात जा. पोटात दुर्बीण घालून बघतात म्हणे. आजच जा. मिरजेत राहून डॉक्टर सापडला नाही म्हणालास तर लोक हसतील."

"जातो."

"आज."

"आज जातो, मास्तर." तो उठला नाही. "आणि तुमचं काय? मोतीबिंदू आहे हा. अर्ध्या तासाचं काम. डोळ्यांची गल्ली इथून दोन मिनिटांवर आहे. तीन वर्षं का नाही केलंत?"

मास्तर हळू आवाजात म्हणाले,

"सुई."

"काय?"

"डोळ्याजवळ सुई टोचतात म्हणे."

श्रेणिक त्यांच्याकडं बघत राहिला. चाळीस वर्षं अर्ध्या मिरजेच्या कानात, कपाळात आणि पावलांत सुया टोचलेला माणूस समोर बसला होता.

"मालननं काल जाताना दम दिला," मास्तर म्हणाले. "तू वही आवरत होतास तेव्हा. दारातून परत आली आणि कानात म्हणाली, मास्तर, तुमच्या डोळ्यांत पीठ पडलंय, ते कोण बघायचं? काल संध्याकाळीच ऑपरेशनची एकवीस तारीख घेतलीय. एकच डोळा. जमलं तर दुसरा."

"मी येतो सोबत."

"ये. तोवर तुझंही कळलेलं असेल."

त्यांनी मांडीवरचा आरसा उचलला आणि पुढं केला. या वेळी तो बरोबर श्रेणिकसमोर आला. स्टूल सरकल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता.

श्रेणिकनं आरसा घेतला. दोन महिने ज्याची वाट बघितली तो हा. एवढा हलका असेल असं वाटलं नव्हतं. त्यानं तो खिशात ठेवू पाहिला. खिशात गोळ्यांची पाकिटं होती. मग त्यानं तो हातातच धरला.

दारापर्यंत गेल्यावर त्याची नजर भिंतीकडं गेली. पाटी सोमवारपासून तिथंच होती. डॉक्टर श्रेणिक मगदूम. जिव्हापरीक्षा तज्ज्ञ. सकाळच्या उन्हात लाल अक्षरं फारच लाल दिसत होती.

"मास्तर," तो म्हणाला, "या पाटीचं काय करू?"

"स्टीलची म्हणालास ना?"

"हो."

"आणि अक्षरं नुसती रंगवलेली?"

"हो."

मास्तरांनी किटली ओढली, कपाच्या कडेवर बोट ठेवलं आणि चहा ओतायला सुरुवात केली.

"घासायची सवय तुला आहेच," ते म्हणाले. "तोंड दिसेपर्यंत घास."